बदामाच्या आतला नकाशा

आजची गोष्ट एका बदामाची आहे.

आपल्या दोन्ही कानशिलांच्या आत, मेंदूत खोलवर, बदामाच्या आकाराचा पेशींचा एकेक पुंजका असतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल बुर्डाख या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने त्याला बदामाचंच नाव दिलं. त्याचं ग्रीक रूप आज जगभर चालतं : अमिग्डला.

नाव मिळालं, पण आत काय आहे? 1873 मध्ये इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी चांदीचा क्षार वापरून मेंदूचे काप रंगवायची रीत शोधली. तिची गंमत अशी की, थोड्याच पेशी रंगतात. पण ज्या रंगतात, त्या फांद्यांसकट दिसतात. दाट जंगलातलं एकेक झाड वेगळं दिसावं, तसं. पुढे 1923 मध्ये अमेरिकेच्या जे. बी. जॉन्स्टन यांनी अनेक प्राण्यांचे मेंदू ताडून दाखवलं की अमिग्डला हा एक गोळा नाही, वेगवेगळ्या केंद्रकांचा समूह आहे.

पण हा बदाम करतो काय? 1930च्या दशकात शिकागोत क्लूव्हर आणि ब्यूसी यांनी माकडांच्या मेंदूचा कानशिलांकडचा भाग काढला. एरवी बुजणारी, चवताळणारी माकडं निर्धास्त झाली. 1956 मध्ये वाइसक्रान्ट्झ यांनी दाखवलं की या बदलामागे मुख्यतः अमिग्डला आहे.

आता आपल्या देशात येऊ. 1960च्या दशकात जपानच्या नाराबायाशी यांनी माणसांवर एक शस्त्रक्रिया केली : कवटीला बारीक छिद्र पाडायचं, सुई आत न्यायची आणि अमिग्डलाचा भाग नष्ट करायचा. मद्रासमध्ये बालसुब्रमण्यम आणि राममूर्ती यांनी ती शेकडो रुग्णांवर केली. आवरता न येणारे हिंसक रुग्ण आणि अतिचंचल मुलंही त्यांत होती. घरचे लोक हतबल झालेले, औषधं मोजकी. बरेच रुग्ण शांत झाले, असं डॉक्टरांनी नोंदवलं.

त्यांना आज नावं ठेवणं सोपं आहे. पण प्रश्न नीट पाहा. त्या पुंजक्यातली कोणती पेशी काय करते, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. नकाशावर फक्त शहराचं नाव होतं, गल्ल्या नव्हत्या. मग उपचारही अख्ख्या वस्तीवरच झाला.

गल्ल्या हळूहळू उमटल्या. 1980च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जोसेफ लेडू यांनी उंदरांना एक आवाज ऐकवून लगेच विजेचा हलका झटका दिला आणि त्या आवाजाची भीती मेंदूत कोणत्या वाटेने जाते ते शोधलं : थॅलॅमसकडून अमिग्डलाच्या बाहेरच्या केंद्रकात, तिथून मध्यवर्ती केंद्रकात, आणि मग अंग जागीच थिजतं.

2002 मध्ये बंगळुरूत सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास, हलता येणार नाही असं ठेवलं. पेशी पाहायला रीत तीच, गोल्जींची, सव्वाशे वर्षांपूर्वीची! स्मृतीशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या होत्या. अमिग्डलातल्या मात्र वाढल्या होत्या. पुढे या गटाने उंदरांना एकवीस दिवस विश्रांती दिली. हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डलाच्या फांद्या वाढलेल्याच राहिल्या, उंदीर घाबरटच राहिले. ‘झालं गेलं विसरून जा’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा हे आठवावं.

आणि 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड अँडरसन आणि बाझेलच्या आंद्रेआस ल्यूथी यांच्या गटांनी मध्यवर्ती केंद्रकातच दोन तऱ्हांच्या पेशी ओळखल्या. भीतीचा आवाज आला की एक तऱ्हा जागी होते, दुसरी गप्प बसते. आणि दोघी एकमेकींना दाबतात. म्हणजे ज्याला आपण भीतीचं घर म्हणत होतो, त्याच घरात भीतीला आवरणाऱ्या पेशीही राहतात.

मद्रासची सुई या दोघींत फरक करू शकत नव्हती. तिने भीतीबरोबर भीतीचा लगामही जाळला असेल. म्हणून पेशींचे प्रकार मोजणं, त्यांचे धागे शोधणं हे नुसतं वहीतलं काम नाही. नकाशा जितका बारीक, तितका उपचार करणारा हात हलका.

भेटू पुढच्या भागात.