दवाखाना आणि घर यांच्यामधला माणूस

आजचा एपिसोड आपल्या सातारा जिल्ह्याच्या इतिहासातला आहे. पण यात किल्ला नाही, लढाई नाही. आहे ती मनाच्या आजाराची गोष्ट, आणि ती तुमच्या-माझ्या वयाच्या पोरांची आहे.

आधी सायकोसिस म्हणजे काय ते बघू. कुणी नसताना आवाज ऐकू येणं, लोक आपल्यावर पाळत ठेवतायत अशी पक्की खात्री होणं, बोलण्याचा धागा तुटणं. बऱ्याचदा हे ऐन तारुण्यात सुरू होतं. बारावी, आयटीआय, कॉलेज नाहीतर एमआयडीसीतली पहिली नोकरी, अशा वयात. घरचे म्हणतात, "टेन्शन घेतलंय." शेजारी म्हणतात, "बाहेरचं दिसतंय." मग देवरुषी, अंगारा, लिंबू. यात महिने जातात, कधी वर्षं जातात. आणि उपचाराला जितका उशीर, तितकं पुढे सावरणं अवघड.

पूर्वी उपचार म्हणजे एकच गोष्ट होती, मोठं हॉस्पिटल. महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं मुख्यतः चार ठिकाणी : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. लोणंदकरांना त्यातल्या त्यात जवळचं येरवडा. "याला येरवड्याला पाठवा" ही आपल्याकडची जुनी चेष्टा तिथूनच आली. माणूस भिंतीआड गेला की गावाचा संबंध संपला.

हे बदलायला सुरुवात झाली १९७० च्या दशकात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं खेड्यात जाऊन उपचार देता येतात का, हे तपासायला घेतलं. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात त्याचा नमुना उभा राहिला. १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आधी फक्त चार जिल्ह्यांत. कागदावर दिशा बरोबर होती. पण ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली आणि साखळदंडानं बांधलेले २५ हून जास्त मनोरुग्ण जळून मेले. तिथे त्यांना घरच्यांनीच आणून ठेवलं होतं, दर्ग्याच्या आसऱ्याला. घरच्यांकडे दुसरा रस्ता कुठे होता?

तिकडे ऑस्ट्रेलियात, मेलबर्नमध्ये, १९९२ साली पॅट्रिक मॅकगोरी आणि सहकाऱ्यांनी खास तरुणांसाठी सेवा सुरू केली होती. तिथे पहिल्यांदा सायकोसिस झालेल्या प्रत्येक पोराला एक केस मॅनेजर मिळायचा. गोळ्या चालू आहेत का, घरात काय चाललंय, कॉलेज परत कसं सुरू करायचं, हे सगळं बघणारा एक ठरलेला माणूस. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत, तिकीट कुणाच्या तरी नावावर असाइन झालेलं असतं. नुसतं 'ओपन' पडून राहत नाही.

आपल्याकडे इतके तज्ज्ञ आणायचे कुठून? याचं एक उत्तर महाराष्ट्राच्या सीमेलगत, मध्य प्रदेशातल्या बडवानीत सापडलं. आशाग्राम ही मुळात कुष्ठरोग्यांसाठी काम करणारी संस्था. तिथे डॉ. सुदीप्तो चॅटर्जी आणि सहकाऱ्यांनी स्थानिक लोकांनाच ट्रेनिंग देऊन स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरी पाठवलं. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले.

आणि पुढचा टप्पा थेट आपल्या दारात आला! 'कोप्सी' नावाच्या अभ्यासासाठी तीन जागा निवडल्या : गोवा, तमिळनाडू आणि सातारा. २००९ आणि २०१० या दोन वर्षांत २८२ रुग्ण घेतले. ९५ जणांना नेहमीसारखे दवाखान्यातले उपचार. १८७ जणांना तेच उपचार, आणि वर घरी येणारा एक आरोग्य कार्यकर्ता. हा डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. साधं शिक्षण, वर ट्रेनिंग आणि मागे तज्ज्ञांची देखरेख. आजार समजावून सांगायचा, गोळ्या का सुटल्या ते विचारायचं, लोक काय म्हणतात त्याला तोंड कसं द्यायचं ते बोलायचं, कामाला परत लावायचं. अभ्यासाच्या लेखकांमध्ये साताऱ्याचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर होते.

२०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. चमत्कार झाला नव्हता, हे स्पष्ट सांगतो. आजाराच्या लक्षणांत थोडा फरक दिसला, पण तो ठामपणे सांगण्याइतका नव्हता. रोजचं जगणं, म्हणजे स्वतःची काळजी, माणसांत मिसळणं, काम, यात मात्र सुधारणा झाली. तीही माफकच. सगळ्यात जास्त फायदा तमिळनाडूच्या ग्रामीण भागात झाला, जिथे उपचारांची सोय सगळ्यात कमी होती. म्हणजे दवाखाना जितका लांब, तितकी या मधल्या माणसाची किंमत जास्त.

याच रुग्णांशी बोलून आणखी एक गोष्ट कळली. ४२ टक्के लोकांनी सांगितलं की आपल्याला भेदभावाचा अनुभव आला. पण आपण इतरांपासून तुटलोय असं वाटणारे होते ७९ टक्के. त्या तुटलेपणावर नुसती गोळी कशी पुरणार?

एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोप्सीत वेगवेगळ्या वयांची, जुन्या आजाराची माणसंही होती. नुकताच आजार सुरू झालेल्या तरुणांसाठी वेगळी सेवा, ही त्याच्या पुढची पायरी. ती लोणंद, फलटण, खंडाळ्यासारख्या ठिकाणी पोचायला हवी. पाया आपल्याच जिल्ह्यात तपासून झालाय.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांचा आणि समाजात राहण्याचा हक्क दिला. २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा फ्री नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. फोनमध्ये सेव्ह करा. मित्र अचानक गप्प झाला, रात्र रात्र जागायला लागला, भलत्याच गोष्टी खऱ्या मानायला लागला, तर त्याची टिंगल करू नका. त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा. आणि तिथे एक प्रश्न नक्की विचारा : "गोळ्या मिळाल्या, पण पुढच्या महिन्यात हा आला नाही, तर त्याच्या घरी कोण जाणार?"