कागदावरचा वेग

गेल्या उन्हाळ्यात भाच्याला नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं. बर्डीवरच्या दुकानात जायच्या आधी त्याने दोन कार्डांचे आकडे वहीत समोरासमोर मांडले. कोअर किती, क्लॉक किती, मेमरी किती, आणि सगळ्यात खाली दोनदा अधोरेखित केलेले टेराफ्लॉप्स. म्हणाला, "मामा, हे वीस टक्क्यांनी फास्ट आहे." मी विचारलं, "कशात?" तो जरा थांबून म्हणाला, "म्हणजे... कागदावर."

मला हा 'कागदावर' शब्द फार आवडला. या एका शब्दाला मोठा इतिहास आहे, आणि त्यातला काही आपल्या नागपूरच्या अगदी जवळून जातो.

आधी हा कागदावरचा आकडा येतो कुठून ते पाहू. हिशेब तिसरीतल्या मुलालाही जमेल असा आहे. कार्डात गणितं करणारे घटक किती, ते मोजायचे. प्रत्येकाचे सेकंदाला किती ठोके पडतात, त्याने गुणायचं. एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज होते, म्हणून परत दोनाने गुणायचं. झाले फ्लॉप्स! यात गृहीत एकच आहे, की एकही घटक एक ठोकाभरही रिकामा बसत नाही.

आता दोन जुनी कार्डं घेऊ. एनव्हिडियाचं जीफोर्स ८८०० जीटीएक्स नोव्हेंबर २००६ मध्ये आलं. १२८ घटक, १.३५ गिगाहर्ट्झ. गुणाकार करा, ३४५ गिगाफ्लॉप्सच्या थोडं वर येतं. एएमडीने २००६ मध्ये एटीआय कंपनी विकत घेतली आणि मे २००७ मध्ये रेडिऑन एचडी २९०० एक्सटी बाजारात आणलं. ३२० घटक, सुमारे ७४२ मेगाहर्ट्झ. म्हणजे ४७५ गिगाफ्लॉप्स. मेमरीतून माहिती आणायचा वेगही रेडिऑनचाच जास्त, सेकंदाला सुमारे १०६ गिगाबाइट. जीफोर्सचा ८६.४. कागदावर निकाल लागलाच होता.

गंमत म्हणजे एनव्हिडिया आपल्या त्याच कार्डाचा आकडा ५१८ सांगत असे. घटकाला कधीकधी एक जादा गुणाकार करता येतो, तोही त्यांनी मोजला होता. म्हणजे कार्ड एकच आणि कागदी वेग दोन!

प्रत्यक्ष खेळ चालवले तेव्हा बहुतेक ठिकाणी रेडिऑन मागे पडलं. असं का व्हावं? त्याचे ३२० घटक सुटे नव्हते. पाच-पाचांच्या ६४ पंगती होत्या. पंगतीत पाच पाट मांडलेले, पण एका वेळी एकमेकांवर अवलंबून नसलेली पाच गणितं सापडली तरच पाचही पाट भरायचे. तीनच सापडली तर दोन पाट रिकामे, मात्र कागदावर ते भरलेलेच. शिवाय पृष्ठभागांवर चित्रं चढवणारे टेक्स्चरचे घटक त्यात फक्त १६ होते. लाटायला चौघी आणि तवा एकच, तसा प्रकार. आणि चित्राच्या कडा गुळगुळीत करायच्या कामाचा शेवटचा भागही या पंगतींवरच टाकलेला.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती किंमत. ३४५ वाल्या जीफोर्सची सुरुवातीची किंमत ५९९ डॉलर होती आणि ४७५ वाल्या रेडिऑनची ३९९. दर लावायची वेळ आली तेव्हा बनवणाऱ्यानेही कागदी आकड्याचा भाव लावला नाही. पण म्हणून रेडिऑनची कल्पना टाकाऊ होती असंही नाही. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, एएमडीने तीच पाचांची पंगत ठेवली, टेक्स्चरचे घटक १६ चे ४० केले आणि एचडी ४८७० आणलं. ते २९९ डॉलरचं कार्ड चांगलंच चाललं.

आता आपल्याकडे येऊ. कारण हाच प्रश्न वीस वर्षं आधी पुण्यात एका देशापुढे उभा होता.

१९८० च्या दशकाच्या शेवटी भारताने हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकेकडून क्रे एक्स-एमपी हा महासंगणक घेतला. तो एका प्रोसेसरचा होता, कागदी वेग २०० मेगाफ्लॉप्सच्या थोडा वर. याहून मोठी यंत्रं मिळायला अडचणी, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. प्रमुख होते विजय भटकर. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, आणि इंजिनियर झाले ते आपल्या नागपुरातल्या व्हीआरसीईत, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत. तीन वर्षं, साडेसदतीस कोटी रुपये आणि लक्ष्य १००० मेगाफ्लॉप्स. १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला.

क्रे म्हणजे एकच दमदार पैलवान. परम म्हणजे इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रोसेसर, अनेक एकत्र जोडलेले. प्रत्येकाचा वेग मिळवत गेलं की कागदावर क्रे मागे पडतो. पण एकाचं उत्तर दुसऱ्याला हवं असेल तर ते तारेवरून यायची वाट पाहावी लागते. हावडा मेलचा कमाल वेग काही का असेना, नागपूरच्या आउटरला ती अर्धा तास उभी राहिली तर डब्यातल्या माणसाला त्या वेगाचं काय? परमची खरी मेहनत म्हणूनच प्रोसेसर जोडण्यात संपत नव्हती. कामाचे असे तुकडे करायचे होते की कुणी आउटरला अडकू नये. त्यासाठी सी-डॅकने 'पारस' नावाची वेगळी प्रणाली लिहिली. यंत्राचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पारसचं फारसं कुणाला नाही.

पुढे जगाने निदान दोन आकडे शेजारी छापायची शिस्त लावली. महासंगणकांच्या टॉप ५०० यादीत एक कागदी वेग असतो आणि एक ठरलेलं गणित सोडवून मोजलेला. नोव्हेंबर २००७ मध्ये टाटांचा पुण्यातला 'एका' या यादीत जगात चौथा आला. कागदावर सुमारे १७१ टेराफ्लॉप्स, मोजलेले ११७.९. जवळजवळ तिसरा हिस्सा वाट पाहण्यात गेला, आणि तरीही चौथा! २०२० मध्ये सी-डॅकचा 'परम सिद्धी' ६३ वा आला. मोजलेला वेग ४.६ पेटाफ्लॉप्स, कागदी ५.२७. पण त्याच यंत्राचा एआयसाठीचा आकडा २१० पेटाफ्लॉप्स असा सांगितला जातो. यात लबाडी नाही. एआयला कमी अंकांची ढोबळ गणितं चालतात, ती झपाट्याने होतात. मात्र हवामानवाल्याने २१० वाचून यंत्र मागवलं तर त्याच्या हाती ते २१० पडणार नाहीत.

आज कॉलेजं, सरकारी खाती, कंपन्या, सगळेच एआयची यंत्रं घ्यायच्या मागे आहेत आणि निविदांतून हे आकडे फिरतात. पैसा अर्थातच तुमचाआमचा. मला वाटतं अशा वेळी कागद जरा बाजूला ठेवावा, आपलं काम यंत्रावर चालवून बघावं आणि मनगटावरचं घड्याळ लावावं. उद्याच्या पावसाचा अंदाज काढायला यंत्राला दोन दिवस लागत असतील, तर सोयाबीन पेरायला निघालेल्या शेतकऱ्याला त्याचे पेटाफ्लॉप्स सांगून काय उपयोग?