दरखास्त नसलेला हुकूमनामा

हुकूमनामा म्हटला की त्यात हुकूम असायचाच. पैसे दे, ताबा सोड, भिंत पाड. ऐकलं नाही तर दरखास्त लावायची, मग बेलीफ दारात. पण दाव्याच्या शेवटी ‘मृत्युपत्रान्वये वादी सदर घराचा मालक आहे असे जाहीर करून मिळावे’ एवढीच मागणी असेल, तर? दावा जिंकला तरी हातात पडलेला हुकूमनामा कोणालाच काही करायला सांगत नाही. त्यावर दरखास्तही लावता येत नाही.

इंग्लंडच्या न्यायाधीशांना असला कोरडा निकाल बराच काळ पटत नव्हता. स्कॉटलंडमध्ये मात्र नुसता हक्क जाहीर करून मागणारा ‘डिक्लेरेटर’ नावाचा दावा जुनाच होता, आणि एडिंबरोत जन्मलेल्या लॉर्ड ब्रूम यांनी लंडनमध्ये त्याचीच तरफदारी चालवली. १८५२ च्या कायद्यानं दार किलकिलं झालं. नीट उघडलं ते १८८३ च्या नियमांनी. आपल्याकडे १८५२ चं कलम जवळजवळ शब्दशः १८५९ च्या दिवाणी संहितेत आलं. पुढे १८७७ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं ४२ वं कलम, आज १९६३ च्या कायद्याचं ३४ वं. त्याच्या शेपटीला एक परंतुक आहे: आणखी काही मागता येत असून नुसतं डिक्लेरेशन मागाल, तर तेही मिळणार नाही. घरात भाऊ बसलेला असेल तर ताबाही मागा. नवखे वकील ठेचकाळतात ते इथेच.

इथल्या मातीत मात्र हक्क ठरवून घेण्याची रीत त्याआधीची. पाटीलकी कोणाची, हा तंटा गोतापुढे, म्हणजे गावच्या न्यायसभेपुढे, यायचा. निकाल मान्य करू म्हणून दोन्ही पक्ष आधी राजीनामा लिहून देत. (राजी असल्याचा कागद तो, नोकरी सोडण्याशी त्याचा संबंध नंतरचा.) निवाड्याच्या कागदावर, म्हणजे महजरावर, पाटलाचा नांगर उमटे, बलुतेदार आपापल्या हत्यारांची निशाणी करत. हरलेला आपली हार मान्य करणारं येजितखत लिहून देई. सरकार जिंकणाऱ्याकडून हरकी नावाची रक्कम घेई, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी, म्हणजे दंड. म्हणजे निकाल कसाही लागो, खजिन्यात भरच.

महजर साऱ्या गावासमोर व्हायचा. आजचं डिक्लेरेशन बांधतं ते फक्त दाव्यातल्या पक्षांना आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांना. म्हणून वादी निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाकतो, आणि नक्कल हाती आली की ती घेऊन, दप्तरात आपलं नाव लागावं म्हणून, सिटी सर्व्हेच्या खिडकीपुढे नंबर लावतो.