गॉल्जी संकुल : अस्तित्वाच्या वादाचा इतिहास

इ. स. १८९८ मध्ये इटलीतील पाविया येथे कामिल्लो गॉल्जी यांना रजत-रंजन पद्धतीने घुबडाच्या चेतापेशींत एक जाळीदार रचना आढळली. मात्र ती दरवेळी रंगत नसल्याने तो केवळ रंजनक्रियेतून उद्भवलेला आभास असल्याचा आक्षेप सुमारे अर्धशतक घेतला गेला. १९५४ मध्ये डाल्टन व फेलिक्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाद्वारे तिची पटलमय घडण दाखविली. पुढे जॉर्ज पॅलेड व सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या पेशींत किरणोत्सारी अमिनो आम्लांचा माग घेऊन आंतर्द्रव्यजालिकेवर तयार झालेली प्रथिने गॉल्जी संकुलातून स्रावी कणिकांत पोहोचतात, हे सिद्ध केले. १९७४ चे नोबेल पारितोषिक पॅलेड यांना विभागून मिळाले. रंजनातील अनियमितता ही पद्धतीची मर्यादा होती. रचनेच्या अभावाचा पुरावा नव्हे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.