काचबिंदू शस्त्रक्रिया : मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यातील

मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवलेल्या डोळ्यात काचबिंदूचा दाब थेंबांनी किंवा लेसरने आटोक्यात येईनासा झाला, म्हणजे तो उतरवण्यासाठी करावी लागणारी शस्त्रक्रिया. ती किती यशस्वी होईल हे बरेचसे आधीचा छेद कुठे आणि केवढा घेतला होता यावर ठरते.

नेहमीची शस्त्रक्रिया म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टमी. केर्न्स यांनी ती १९६८ साली मांडली. वरच्या पापणीआड श्वेतपटलात झडप कापून डोळ्यातील पाण्याला नवी वाट करून देतात. ते पाणी डोळ्याचा पांढरा भाग झाकणाऱ्या पातळ पडद्याखाली, म्हणजे नेत्रश्लेष्मलेखाली, जमून तिथे पातळसा फुगवटा तयार होतो. शरीराच्या लेखी मात्र ही वाट म्हणजे जखमच, आणि ते ती बुजवू पाहते. मोतीबिंदूच्या वेळी याच जागी काम झालेले असेल, तर नेत्रश्लेष्मला श्वेतपटलाला चिकटलेली असते आणि नवा व्रणही लवकर धरतो. छेद खालच्या बाजूला घ्यावा, तर फुगवट्यावर पापणीचे पांघरूण राहत नाही आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते.

मोतीबिंदूच्या तिन्ही पद्धती या दृष्टीने सारख्या नाहीत. टाक्यांच्या जुन्या शस्त्रक्रियेचा छेद १० ते १२ मिलिमीटरचा असे. बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत ६-७ मिलिमीटरचा बोगदा श्वेतपटलातून नेतात आणि तोही बहुतेकदा वरच्याच बाजूने. ध्वनिलहरींनी भिंग फोडून काढणाऱ्या फेको पद्धतीत पारपटलाच्या (डोळ्यापुढच्या पारदर्शक पडद्याच्या) कडेला तीनेक मिलिमीटरचा छेद पुरतो, त्यामुळे नेत्रश्लेष्मला जवळजवळ अस्पर्श राहते. तरी फेकोनंतरच्या डोळ्यांबाबत अभ्यासांचे एकमत नाही: काहींना निकाल उणे आढळले, काहींना फारसा फरक दिसला नाही.

बिनटाक्याच्या पद्धतीशी पुण्याचा जवळचा संबंध आहे. तिथे महंमदवाडीत पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचे ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय आहे. तेथील परीक्षित गोगटे, मदन देशपांडे आणि सहकाऱ्यांनी बिनटाक्याच्या पद्धतीची तुलना आधी टाक्यांच्या शस्त्रक्रियेशी (२००३) आणि मग फेकोशी (२००५) केली. पहिल्या चाचणीत ७४१ रुग्ण होते, दुसरीत ४०० डोळे. स्वस्त आणि झटपट होणारी पद्धत नजरेच्या बाबतीत मागे पडत नाही, हे दाखवून देणारे हे काम शिबिरांच्या दृष्टीने मोलाचे ठरले. काचबिंदू हा त्या चाचण्यांचा विषय नव्हता. सहा आठवड्यांनी मोजलेल्या नजरेत वरच्या नेत्रश्लेष्मलेचा हिशेब येत नाही, तो काही वर्षांनंतर चुकता करावा लागतो. म्हणून आधीपासून काचबिंदू असलेल्याचा मोतीबिंदू काढताना छेद कानाच्या बाजूने घ्यावा. बिनटाक्याच्या पद्धतीतही ते जमते.

व्रण रोखण्याचा पहिला मोठा प्रयोग फ्लुओरोयुरॅसिलचा. अमेरिकेतील चाचणीत मोतीबिंदू काढलेल्या किंवा आधीची काचबिंदू शस्त्रक्रिया फसलेल्या २१३ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन आठवड्यांत २१ इंजेक्शने दिली, तीही नेत्रश्लेष्मलेखाली. पाच वर्षांनी औषध घेतलेल्यांत अपयश ५१ टक्के, न घेतलेल्यांत ७४ टक्के. इतका जाच सोसूनही निम्म्या डोळ्यांत शस्त्रक्रिया फसली. पुढे मायटोमायसिन आले, ते शस्त्रक्रियेतच काही मिनिटे लावून धुऊन टाकतात.

दुसरा मार्ग नळीचा. पारपटलाच्या कडेपासून बराच मागे, स्नायूंखाली पट्टी बसवून तिची बारीक नळी डोळ्यात सोडतात. पाणी मागे जात असल्याने पुढच्या व्रणाचा त्रास कमी होतो. नळी आणि ट्रॅबेक्युलेक्टमी यांची तुलना करणाऱ्या चाचणीचे पाच वर्षांचे निकाल २०१२ साली आले. २१२ डोळ्यांपैकी नळीच्या गटात सुमारे ३० टक्के, तर मायटोमायसिनसह ट्रॅबेक्युलेक्टमीच्या गटात ४७ टक्के अपयशी ठरले. त्यांत आधी ट्रॅबेक्युलेक्टमी झालेले डोळेही होते, तेव्हा हे आकडे निव्वळ मोतीबिंदूनंतरचे समजू नयेत. नळीमुळे पारपटल खराब होणे किंवा दोन-दोन दिसणे असे दुष्परिणाम संभवतात. मदुराईच्या ऑरोलॅबने २०१३ साली अशी पट्टी भारतात बनवली, आणि आयात पट्टीचा खर्च न पेलणाऱ्यांना हा मार्ग खुला झाला. पाण्याचा वेग आवरणारी झडप नसलेली ही नळी सुरुवातीला दोऱ्याने बांधून ठेवतात. दोरा विरघळेपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, दाब चढाच राहू शकतो. नातेवाईक हमखास घाबरतात ते याच काळात.

निवड करण्यापूर्वीची तपासणी साधी आहे. रुग्णाला खाली पाहायला सांगून पापणी उचलायची आणि कापसाच्या काडीने नेत्रश्लेष्मला हळूच सरकवून बघायची. ती सहज हलली तर ट्रॅबेक्युलेक्टमीचा विचार करता येतो. जागची हलली नाही, तर नळी बरी.

मोतीबिंदूच्या वेळी भिंगामागचा पडदा फाटलेला असेल, तर काचद्रव पुढे येऊन नवे छिद्र बुजवू शकतो. अशा डोळ्यात पुढे आलेला काचद्रव आधी काढून घ्यावा लागतो. एक गोष्ट मात्र सोपी होते: नैसर्गिक भिंग नसल्याने ट्रॅबेक्युलेक्टमीनंतर मोतीबिंदू वाढण्याची नेहमीची तक्रार इथे उरतच नाही.

रुग्णाला आधी सांगायची गोष्ट वेगळीच आहे. मोतीबिंदूनंतर डोळ्यावरची पट्टी सोडली की दिसू लागते, इथे तसे नाही. गेलेली नजर परत येत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर काही दिवस दृष्टी आधीपेक्षा धूसरही असू शकते. थेंब सुटतीलच असेही नाही. नळीही चालेनाशी झाली, तर पाणी तयार करणाऱ्या भागावर लेसर देऊन त्याचे उत्पादनच कमी केले जाते.