सुईच्या कारखान्यातून आलेला वन-वे

नायट्रो इंजिनाच्या रिमोट गाडीची दोरी ओढली, हाताला काही जोरच लागला नाही आणि इंजिन जागचं हललं नाही, की समजायचं: वन-वे, म्हणजे एकाच दिशेने पकड घेणारा क्लच, गेला. स्कूटरचा सेल्फ नुसताच गरगरला की आपले मेकॅनिकही हेच निदान करतात. गाडीच्या ब्रँडचा सुटा भाग मागवायला जावं तर बऱ्याचदा स्टार्टरचा अख्खा संच गळ्यात पडतो. झिजलेली असते फक्त करंगळीच्या पेराएवढी एक पोलादी डबी. जुनी बाहेर काढून शाफ्ट मोजा. तो 6 मिमी, डबी बाहेरून 10 मिमी आणि लांबीला 12 मिमी निघाली, तर बेअरिंगच्या दुकानात ‘एचएफ 0612’ मागायचं. पहिले दोन आकडे भोकाचे, पुढचे दोन लांबीचे.

या नंबरामागे लागलो आणि भलतीकडेच पोचलो. मासेमारीच्या रिळांत हीच डबी. फोटोकॉपी यंत्रात कागद पुढे सरकवणाऱ्या रोलरवर तिचीच भावंडं. आणि तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनच्या मागे कापड ओढणारा पुलर असतो, त्यातही तीच जात. शिलाई मशीन म्हटल्यावर मी थबकलो, कारण या घराण्याचं मूळ माझ्या मते तिथेच आहे.

जाणकार सहसा दोन पूर्वज सांगतात. पहिला, गवत कापायच्या यंत्राचा दोरीचा स्टार्टर. दोरी तिथून आली हे मान्य, पण क्लच नाही. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या जुन्या स्टार्टरमध्ये सुट्या गोळ्या खाचांत पडून पकड घ्यायच्या. तो प्रकार अगदी निराळा. दुसरा दावेदार तगडा आहे: सायकल. जर्मनीत एर्न्स्ट झाक्स यांनी 1903 साली आणलेल्या टॉर्पेडो हबमध्ये रोलर उतारावर चढून जाम व्हायचे. तत्त्व तंतोतंत हेच. पण ते जाड, कापून घडवलेलं काम. आपल्या डबीची भिंत पातळ पत्र्याची, दाबून ओढलेली, आणि रोलर सुईसारखे बारीक. पत्र्याचं आणि सुईचं हे कसब सायकलवाल्यांकडे शोधून मिळत नाही.

ते मिळतं अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये, टॉरिंग्टन गावी. तिथे 1866 साली एक्सेल्सिअर नीडल कंपनी निघाली, ती शिवणयंत्राच्या सुया करायला. पोलादी तार तापवायची नाही, चहूबाजूंनी ठोकत थंडच निमुळती करायची, ही तिची खासियत. तेच कसब पुढे सायकलच्या स्पोकना लागलं. (सायकलवाल्यांना एवढं श्रेय देऊन टाकू.) 1930च्या दशकात टॉरिंग्टन कंपनीने पत्र्याच्या डबीत बारीक रोलर ठासून भरलेली नीडल बेअरिंग बाजारात आणली. डबीच्या आतल्या भिंतीला उतार द्या, प्रत्येक रोलरमागे इवलीशी स्प्रिंग बसवा, की वन-वे तयार. असे क्लचही या कंपनीने विकले. 2003 साली तिला टिमकेनने विकत घेतलं.

एचएफ ही अक्षरं मात्र जर्मन इना कंपनीची. शेफलर बंधूंनी ती 1946 साली हेर्त्सोगेनाउराख इथे काढली. आदिदास आणि प्यूमा याच गावचे. गेऑर्ग शेफलर यांनी 1949 साली सुईरोलरना पिंजरा दिला, तेव्हापासून ते तिरपे होऊन अडकेनासे झाले. शेफलरचा एक कारखाना आपल्या तळेगावातही आहे. खेळण्यातल्या इंजिनांपर्यंत ही डबी ऑफिसच्या यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्यांकडूनच पोचली असावी, असा माझा अंदाज आहे. याचा कागदोपत्री पुरावा माझ्याकडे नाही.

आता बदलण्याचं. दोरी ओढताना रोलर उतार आणि शाफ्ट यांच्यात पाचरीसारखे ठासतात, शाफ्ट फिरतो. इंजिन सुरू झालं की शाफ्ट पुढे पळतो, पुली थांबते, रोलर सैल पडतात. बऱ्याच इंजिनांत हा शाफ्ट क्रँकला कायम जोडलेला असतो, त्यामुळे गाडी धावते तेवढा वेळ तो रोलरांवर घासत राहतो. झीज होते ती इथेच. त्यातून नायट्रोच्या इंधनातलं एरंडेल आत सुकून चिकट बसलं, तरीही रोलर पकडत नाहीत. म्हणून नवी डबी आणण्याआधी जुनी स्पिरिटने धुऊन पाहावी. कित्येकदा फुकटात काम होतं. नंतर हलक्या तेलाचा एखादा थेंब. जाड ग्रीस नको, त्यात रोलर घसरू शकतात.

डबी व्हाइसमध्ये सॉकेट ठेवून सरळ दाबायची. हातोडी मारली तर पातळ पत्रा चेपतो. दाबण्याआधी दिशा तपासावी, नाहीतर दोरी नव्या डबीवरही पोकळच येईल. शाफ्टवरून नख फिरवावं. नख चरात अडकलं, तर डबी कितीही चांगली असो, शाफ्टही बदलावाच लागतो, कारण या बेअरिंगला आतली रिंग नसते. ते काम शाफ्टचंच असतं.