साखरखेर्ड्याची सनद

इतिहासात काही गावे एका दिवसापुरती उजेडात येतात आणि पुन्हा आपल्या शेतीभातीत मुकाट्याने बुडून जातात. वऱ्हाडच्या दक्षिण अंगास, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात वसलेले साखरखेर्डा हे असेच एक गाव आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे झालेली लढाई शालेय पुस्तकांत एका ओळीत आटोपते: निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव करून हैदराबादच्या राज्याचा पाया घातला. परंतु त्या ओळीत जे सांगावयाचे राहून जाते, तेच आम्हांस अधिक विचारणीय वाटते. त्या दिवशी समोरासमोर ठाकलेल्या दोघांनाही आपणच दख्खनचे खरे सुभेदार असे म्हणावयास काही ना काही आधार होता. खरा आधार कोणाचा हे मात्र तरवारीने ठरविले, आणि ज्या रयतेवर अंमल चालावयाचा तिला कोणी विचारले नाही.

हकीकत थोडक्यात अशी. निजामुल्मुल्क १७२२ पासून दिल्लीस वजीर होता. पण महंमदशहाच्या दरबारात त्याचे सूत जमेना. १७२३ च्या अखेरीस शिकारीचे निमित्त करून त्याने राजधानी सोडली आणि पुढे दक्षिणेची वाट धरली. दरबाराने उघड विरोध न करता आतून हैदराबादच्या मुबारिझखानास चिथावणी दिली व दख्खनचा कारभार त्याच्या नावे करून दिला. साखरखेर्ड्याच्या रणात मुबारिझखान पडला. मराठी फौजा, खुद्द बाजीरावासह, या प्रसंगी निजामाच्या बाजूस होत्या. कारण १७१९ च्या सनदांनी मिळालेली दक्षिणेची चौथाई व सरदेशमुखी मुबारिझखानास मान्य नव्हती. विजयी निजामाने मृताचे शिर, जणू एखाद्या बंडखोराचे असावे तसे, अभिनंदनासह बादशहाकडे धाडले, आणि ज्याने आतून त्या खानास उभे केले होते त्याच बादशहाने १७२५ मध्ये निजामास दख्खनची सुभेदारी व 'आसफजाह' हा किताब बहाल केला. गावाचे नावही बदलून 'फत्तेखेर्डा' असे झाले. लोकांच्या तोंडी मात्र साखरच राहिली.

सत्ता आधी शस्त्राने घ्यावयाची आणि कागद मागाहून मिळवावयाचा, हा या लढाईचा धडा होय. तो विसरला गेला नाही. तीनच वर्षांनी निजामाने मराठ्यांच्या हक्काचा पैसा अडविला, तोही अशाच सबबीवर. शाहू व कोल्हापूरचे संभाजी यांपैकी खरा छत्रपती कोण हे आधी ठरू द्या, मग पैसा देऊ, असे तो म्हणू लागला. त्याचे उत्तर बाजीरावाने पालखेडास दिले, आणि मार्च १७२८ मध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. ज्या प्रदेशात अधिकाराचा उगमच संशयित असतो, तेथे प्रत्येक नवा वाद पुन्हा शस्त्रावर येतो.

लढाई संपली म्हणजे शांतता आली असे आपण समजतो; वऱ्हाडचा पुढील इतिहास तसे म्हणू देत नाही. साखरखेर्ड्यानंतर सुमारे ऐंशी वर्षे या सुभ्यात दुअंमल चालला. मुलूख नावाने निजामाचा, पण वसुलात नागपूरकर भोसल्यांचा मोठा वाटा. एका गावच्या पांढरीत दोन सरकारांचे दोन कमाविसदार येत, आणि कुणब्याने एकाची पावती दाखविली तरी दुसऱ्याचा शिपाई दारातून हलत नसे. १८०३ मध्ये अडगाव व गाविलगड येथे भोसल्यांचा पराभव झाल्यावर देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड त्यांच्या हातून गेले व निजामाकडे आले. दोन धनी जाऊन एक राहिला. परंतु रयतेचे ओझे उतरले नाही, कारण आता धन्याच्या जागी मक्तेदार येऊन बसला.

राजा चंदुलालाच्या कारकिर्दीत हैदराबादचा वसूल इजाऱ्याने देण्याची चाल विकोपास गेली. जो अधिक रक्कम आगाऊ देईल त्यास परगणा मिळे. सावकार पुरणमल याच्याकडे वऱ्हाडचा मोठा भाग असा इजाऱ्याने होता. पुढे पेस्तनजींच्या पारशी पेढीस कर्जाच्या फेडीसाठी येथलेच महाल लावून दिले गेले. इजारदाराची बुद्धी समजण्यास अर्थशास्त्राचे पुस्तक लागत नाही. त्याने पैसा आधी ओतलेला असतो; मुदत किती टिकेल याचा भरवसा नसतो; तेव्हा पहिल्या सुगीतच मुद्दल, व्याज आणि नफा वसूल करून घेणे त्यास भाग पडते. विहीर दुरुस्त व्हावी, पडीक जमीन लागवडीस यावी, असे त्याने कशासाठी इच्छावे? आणि वसूल सक्तीचा झाला की शिबंदी ठेवावी लागते. शिबंदीचा पगार थकला की तीच शिबंदी लूट करते. लाचेतून भय उत्पन्न होते ते असे. या व्यवहाराचा शेवटही नमुनेदार झाला: कंटिंजंट फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपायी १८५३ मध्ये निजामास सबंध वऱ्हाडच इंग्रजांच्या हवाली करावे लागले. परगणे गहाण टाकता टाकता सुभाच गहाण पडला.

या पार्श्वभूमीवर निवडणूक ही वस्तू आपल्याकडे किती नवी आणि किती मोलाची आहे, हे ध्यानात यावे. मे १८८२ मधील लॉर्ड रिपनच्या ठरावाने स्थानिक स्वराज्याचे बी पडले. पण मताचा हक्क पुढे कित्येक वर्षे कर भरणाऱ्या मोजक्यांपुरता होता. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या, १९५० मध्ये राज्यघटनेने प्रत्येक प्रौढास मत दिले, महाराष्ट्रात १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीस घटनेचाच आधार मिळाला. साखरखेर्ड्यास जो प्रश्न तोफांनी सोडविला, तो आता चिठ्ठीने सोडवावयाचा. अधिकार आधी रयतेने द्यावयाचा, आणि मग तो चालवावयाचा. सनदेचा क्रम उलटला, हीच या शतकाची खरी क्रांती होय.

परंतु तरवार आणि इजारा या दोन जुन्या व्याधी अगदी नाहीशा झाल्या काय? विदर्भाच्या दुसऱ्या टोकास, वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या अरण्यात १९८० पासून सशस्त्र नक्षल चळवळीने पाय रोवले. निवडणुकीवर बहिष्कार हे तिचे नेहमीचे शस्त्र राहिले. ऑक्टोबर २००९ मध्ये, विधानसभेच्या मतदानास काही दिवस उरले असता, लाहेरीजवळ सतरा पोलीस मारले गेले. मोठ्या निवडणुकीस निदान मोठा बंदोबस्त तरी येतो. ग्रामपंचायतीच्या उमेदवारास मतदानानंतरही त्याच पाड्यावर, त्याच अंधारात राहावयाचे असते. म्हणून कित्येक जागांसाठी अर्जच येत नसत आणि पंचायतीची खुर्ची रिकामी राही. जानेवारी २०२१ मध्ये राज्यभर एका दिवसात मतदान उरकले, तेव्हाही या जिल्ह्यास दोन टप्पे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. ही आनंदाची वार्ता होय. पण वऱ्हाडची कथा आम्हांस सावध करते: बंदुकीने मोकळी केलेली जागा थैलीने भरून निघू नये.

कारण ज्या २०२१ च्या निवडणुकीत गडचिरोलीस भयाचा विचार करावा लागला, त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला. उमराण्यास बोली दोन कोटी रुपयांवर गेली, खोंडामळीस बेचाळीस लाखांपर्यंत. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली, हे योग्यच झाले. पैसा देवळाच्या कामासाठी होता, भांडण टळून गाव बिनविरोध झाला, मग बिघडले काय, असे विचारणारे सज्जन आम्हांस ठाऊक आहेत. त्यांस आम्ही रोमचा दाखला देतो. सन १९३ मध्ये तेथील शरीररक्षक फौजेने बादशहास ठार करून सिंहासनाचा लिलाव पुकारला आणि दिदियस जुलियानस नावाच्या श्रीमंताने ते विकत घेतले. सहासष्ट दिवसांत त्याचे राज्य व प्राण दोन्ही गेले. ज्यांनी विकले त्यांनी त्याचे रक्षण केले नाही, आणि ज्यांना विचारले नव्हते त्यांना त्याचे सुखदुःख नव्हते. देवळासाठी वर्गणी द्यावी, अवश्य द्यावी. पण पद घेऊन दिलेली वर्गणी ही वर्गणी नव्हे, इजाऱ्याचा आगाऊ हप्ता होय. तो कोणत्या रस्त्याच्या, कोणत्या नळाच्या कामातून परत निघेल, एवढाच प्रश्न उरतो.

भय आणि लाच यांस आपण दोन निराळे रोग मानतो व एकासाठी पोलीस, दुसऱ्यासाठी कायदा मागतो. आमच्या मते रोग एकच आहे: पद ही कोणाची तरी मालमत्ता आहे ही समजूत. मालमत्ता बळाने घेता येते किंवा दामाने. विश्वास मात्र या दोन्ही मार्गांनी घेता येत नाही. इंग्लंडात १८७२ मध्ये गुप्त मतदानाचा कायदा झाला तो याच जाणिवेने. तोवर कुळास धन्यादेखत मत सांगावे लागे, आणि जे मत सांगावे लागते ते धाकाने वळविता येते व पैशाने विकतही घेता येते. आपल्या खेड्यात मतपेटी गुप्त आहे. पण वॉर्ड एवढा लहान असतो की कोणत्या घरची मते कोठे पडली याचा अदमास दुसऱ्या दिवशी पारावर निघतो. तेव्हा पंचायतीच्या मताची गुप्तता राखण्यास कायद्याइतकीच गावाची सभ्यताही हवी. शेजाऱ्यास त्याचे मत न विचारणे, हा त्या सभ्यतेचा पहिला नियम होय.

साखरखेर्ड्याच्या रणात किती माणसे पडली हे मोजणाऱ्यांनी मोजले; त्यानंतर सव्वाशे वर्षे दुहेरी वसुलाने व इजाऱ्याने किती घरे बसली याची मोजदाद कोणी ठेवली नाही. ती घरे आपल्याच पूर्वजांची होती. त्यांच्या पदरी सनद कधी पडली नाही, कारण सनदा त्यांच्यावर राज्य करण्यासाठी निघत. आज ती प्रत्येक घरी आली आहे. ती धाकापुढे ठेवून देणे किंवा हजार-पाचशे रुपयांस लिहून देणे, म्हणजे आपल्याच हाताने आपले गाव पुन्हा इजाऱ्यास लावणे होय.